रत्नागिरी दर्शन, एक दिवस, अकरा पॉइंट: रिक्षावाल्या काकांना पाच स्टार, पॅकेजला दोन

आधीच सांगून टाकते, माझ्याकडे रेटिंग दोन आहेत. रिक्षावाले काका पाचपैकी पाच. पॅकेज पाचपैकी दोन, आणि ते दोन पण रिक्षा वेळेवर आली म्हणून. आता सविस्तर लिहिते कारण बुकिंगच्या आधी मी शोधलं तेव्हा सगळीकडे नुसतं "छान जागा, नक्की बघा" एवढंच होतं, त्याने कोणाला काय कळणार.

आम्ही चिपळूणचे. म्हणजे रत्नागिरी आमचं जिल्ह्याचं ठिकाण, पण खरं सांगू का, आम्ही रत्नागिरीला जातो ते फायली घेऊन. कलेक्टर कचेरी, कोर्ट, सिव्हिलमधला कोणतरी पेशंट, नाहीतर परीक्षेचं सेंटर. काम झालं की स्टँडवर वडापाव खायचा आणि मिळेल ती गाडी पकडून परत. थिबा पॅलेस मी शेवटचा चौथीच्या सहलीत बघितलेला, त्यातलं आठवतंय एवढंच की बाईंनी डबा कुठे खायचा यावरून सगळ्यांना झापलेलं. माझी आत्या ७६ वर्षांची, जन्म गेला याच जिल्ह्यात, तिने तर काहीच बघितलं नव्हतं. ती म्हणाली अगो सगळी मुंबई-पुण्याची माणसं येऊन बघून जातात आणि आपण इथे बसून नुसत्या त्यांच्या गाड्या मोजतो. म्हटलं चल. पोराला नाताळची सुट्टी होतीच, गुरुवार धरला. (सोमवार टाळा, पॅलेसमधलं म्युझियम सोमवारी बंद असतं.)

पॅकेज फोनवरून घेतलं. नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको. रिक्षा, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, तीन माणसं, १८०० रुपये, त्यातले ५०० आधीच ऑनलाइन पाठवायचे. बदल्यात एक पीडीएफ आली, वर नारळाच्या झाडाचा फोटो आणि खाली अकरा पॉइंट. टिळक जन्मस्थान, पतितपावन मंदिर, थिबा पॅलेस, थिबा पॉइंट, जिजामाता उद्यान, भगवती किल्ला, भगवती मंदिर, दीपगृह, मत्स्यालय, मांडवी, भाट्ये. मला वाटलं वा, अकरा. नंतर कळलं की भगवती मंदिर किल्ल्याच्या आतच आहे आणि थिबा पॉइंट आणि जिजामाता उद्यान म्हणजे एकाच ठिकाणी उतरून दोन फोटो. म्हणजे आमच्याकडे लग्नाच्या जेवणात लोणचं, पापड आणि मीठ पण पदार्थ म्हणून मोजतात ना, तसलाच हिशेब.

एसटी सकाळी सव्वासहाची. आत्याला पंचाहत्तरीच्या वरचं म्हणून फुकट, मला बायकांचं अर्धं तिकीट, आणि चिरंजीवांना मागच्याच महिन्यात बारा पूर्ण झालेली म्हणून त्यांचं पूर्ण. मी कंडक्टरला वय खरं सांगितलं तर चिरंजीव हातखंब्यापर्यंत बोलले नाहीत, म्हणे एरवी तू माझं वय कमीच सांगतेस. हायवेचं काही लिहीत नाही, जे या रस्त्याने जातात त्यांना माहितेय.

नऊच्या आधीच स्टँडबाहेर काका उभे. पन्नाशीच्या पुढचे, रिक्षा चकाचक, समोर गणपती आणि आरशाला ओवलेली सुरंगीची सुकलेली वेणी. मी मोबाईल पुढे करून पीडीएफ दाखवली तर त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, "ताई, ह्यात दीपगृह बाराला लिवलंय. दीपगृह दुपारचं चारच्या आसपास उघडतं. बाराला जाऊन काय करायचं, दाराला नमस्कार?" मग म्हणाले किल्ला दुपारी अडीचला लिवलाय, आजींना उन्हात पायऱ्या चढवणार काय? मी म्हटलं मग तुम्हीच सांगा. ते म्हणाले कागद पिशवीत ठेवा. ठेवला. दिवस जो काही चांगला गेला तो तिथून पुढे.

किल्ला पहिला. नाव रत्नदुर्ग पण कोणी म्हणत नाही, सगळे भगवतीचा किल्ला म्हणतात. बहामनी काळातला, शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये आदिलशाहीकडून घेतला. घोड्याच्या नालेसारखा आकार, तीन बाजूंना समुद्र, त्यामुळे तटावर उभं राहिलं की जमीन कुठल्या बाजूला आहे ते क्षणभर विसरायला होतं. रिक्षा बऱ्यापैकी वर जाते, पुढे पायऱ्या. काका स्वतः उतरून आत्याच्या बाजूने चालले, "आजी, दमान्. घाई नाय. देवी काय खय जात नाय." आत्याने मंदिरात ओटी भरली, मी आणि पोरगा तटावरून फिरलो. सकाळी साडेनऊला तिथे आमच्याशिवाय जेमतेम दोन कुटुंबं, आणि खाली मिरकरवाड्याचं बंदर पूर्ण जागं झालेलं, ट्रॉलर एकाला एक लागून उभे, सगळ्यांवर रंगीत झेंडे, वाऱ्याबरोबर सुकटीचा वास थेट तटापर्यंत. पोराने नाक धरलं. मी म्हटलं रविवारी हाच वास ताटात आला की दोनदा वाढून घेतोस. इथे आम्ही तासभर होतो. पीडीएफमध्ये किल्ला आणि मंदिर मिळून ३५ मिनिटं होती, म्हणजे आत्याला खाली रिक्षातच ठेवायचा बेत होता बहुतेक.

उतरताना पायथ्याला भागेश्वराचं देऊळ. हे यादीत नव्हतं. काकांनी आपणहून थांबवलं, म्हणाले भागोजीशेठ कीरांनी बांधलंय. छान कोरीव काम आहे, रंगीत, नीट राखलेलं. आत्याने विचारलं कोण हे भागोजीशेठ, तर काका म्हणाले थांबा आजी, दुपारच्या आत परत भेटतील ते तुम्हाला. हे त्यांनी असं काही सांगितलं की पोरगा पुढच्या प्रत्येक पुतळ्याला विचारत होता, हेच का, हेच का.

मत्स्यालय पटकन. देवमाशाचा सांगाडा आहे, तो बघायला पोरं नेलीच पाहिजेत, बाकी काचेच्या टाक्या. आमचा मुलगा सांगाड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत चालला आणि मध्येच आकडा विसरला म्हणून परत पहिल्यापासून. वीस मिनिटं.

मग टिळक जन्मस्थान. टिळक आळीतलं कौलारू घर, २३ जुलै १८५६ चा जन्म. वडील गंगाधरपंत इथे शिक्षक, आणि टिळक दहा वर्षांचे असताना बिऱ्हाड पुण्याला गेलं. घर मला फार आवडलं ते त्याच्या मापामुळे. आपण टिळक म्हटलं की डोळ्यासमोर पगडी, उपरणं, करारी चेहरा आणतो, आणि इथे आल्यावर दिसते साधी पडवी, खाली वाकून जायचं दार, आणि बाहेर अंगण, म्हणजे आमच्या गावच्या घरासारखंच हो. आत्या पडवीत टेकली आणि म्हणाली इथे वारा चांगला लागतो. पोराने १ ऑगस्टला शाळेत दोन वर्षं तेच भाषण केलेलं आहे, त्यामुळे त्याने तिथल्या माणसाला विचारलं शेंगांची टरफलं इथेच का. तो माणूस हसला, म्हणाला बाळा ती गोष्ट शाळेतली. दिवसाला किती मुलं हेच विचारत असतील कोण जाणे.

पतितपावन मंदिरात भागोजीशेठ परत भेटले, काकांनी सांगितल्याप्रमाणे. हे मंदिर त्यांच्याच पैशाने उभं राहिलं. गरीब घरात जन्मलेला रत्नागिरीचा भंडारी समाजातला मुलगा, मुंबईला जाऊन मोठा कंत्राटदार झाला. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते, १९२४ ते १९३७, आणि त्यांच्या पुढाकाराने सगळ्या जातींना थेट गाभाऱ्यापर्यंत मोकळं असं हे लक्ष्मीनारायणाचं देऊळ २२ फेब्रुवारी १९३१ ला उघडलं. दादरची शिवाजी पार्कजवळची स्मशानभूमी पण भागोजीशेठमुळेच झाली, हे ऐकल्यावर आत्या गप्पच झाली कारण आमच्या चुलत्यांना तिथेच नेलेलं. मग म्हणाली, म्हणजे आपण त्यांना आधीच भेटलोय की. तिने परत मागे वळून एक नमस्कार जास्तीचा केला. यादीत या देवळाला दहा मिनिटं होती, आणि दहा मिनिटांत तुम्ही चपला काढून घालू शकता एवढंच.

थिबा पॅलेस. हा मुख्य. इथे मी पोराला आधीच बजावलेलं की पळायचं नाही आणि चक्क तो पळाला नाही, कारण त्याला गोष्ट लागली. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा, १८८५ ला इंग्रजांनी मंडालेहून उचलला, आधी मद्रासला ठेवला आणि १८८६ मध्ये इथे आणला, तो १९१६ ला इथेच गेला. राजवाडा बांधून मिळाला १९१० मध्ये. पोराने मनातल्या मनात गणित केलं आणि जोरात म्हणाला, "म्हणजे चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या बंगल्यात आणि सहा वर्षं स्वतःच्या घरात?" मागचे एक गृहस्थ म्हणाले, म्हाडाची लॉटरी लागली होती त्याला. सगळे हसले. पण मग वरच्या मजल्यावर गेल्यावर हसू जातं हो. लाल चिरे आणि विटा, उतरती छपरं, अर्धगोल खिडक्यांवर लाकडाचं नक्षीकाम, आणि सागवान असं की शंभर वर्षांनी पण खांबावर हात ठेवला की गार आणि गुळगुळीत लागतं. संगमरवरी फरशीचा मोठा हॉल आहे. तिथे उभं राहून बाहेर बघितलं की झाडांमधून खाडीकडची मोकळी बाजू दिसते. राजाला शहर सोडून जायची परवानगी नव्हती, मग एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तो करायचा काय दिवसभर, हा प्रश्न आत्याचा. मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती आहे, तिथे बहुतेक लोक जातच नाहीत, पुढच्या पायऱ्यांवर सेल्फी काढून निघतात. तुम्ही जा.

तिकीट किरकोळ, खर्चात धरूच नका. एक तास ठेवा. आम्ही सव्वा तास होतो आणि त्यातला पाव तास आत्या आणि एक अनोळखी बाई थिबाच्या मोठ्या मुलीबद्दल बोलत होत्या. तिची गोष्ट रत्नागिरीत सगळ्यांना माहिती आहे, थोरली राजकन्या आणि राजवाड्यातले गोपाळ सावंत, आणि त्यांची मुलगी टूटू जी पुढे पूर्ण रत्नागिरीकर म्हणून इथेच राहिली, मराठी बोलत, लेकरंबाळं वाढवत, आणि २००० साली इथेच गेली. त्या बाई म्हणाल्या आमच्या सासूबाई तिला बाजारात बघायच्या. आत्याला हे काय राजवाड्यापेक्षा जास्त आवडलं. मला पण. ब्रह्मदेशच्या राजाची नात भाजीवालीशी घासाघीस करतेय, हे चित्र डोक्यातून जाईना.

मी काकांना म्हटलं राजाची समाधी कुठेय, ती यादीत नाही. काका म्हणाले, ती कोणाच्याच यादीत नसते, फोटो बरा येत नाय ना. पण चला. वस्तीच्या मधोमध आहे, आजूबाजूला घरं, वाळत घातलेले कपडे, क्रिकेट खेळणारी मुलं. राजा वारल्यावर राणी सुपयालतला त्याला मायदेशी न्यायचं होतं, सरकारने परवानगी दिली नाही, म्हणून दोन वर्षांवर अंत्यविधीच रखडला आणि शेवटी १९१९ मध्ये इथे ठेवलं, धाकटी राणी सुपयागले बरोबर. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. आम्ही तिथे दहा मिनिटं होतो, कोणी काही बोललं नाही. एक बॉल आमच्या पायाशी आला, पोराने तो परत फेकला, झालं.

आता जेवण. पॅकेजमध्ये "रेकमेंडेड हॉटेल" होतं. मोठा बोर्ड, एसी, बाहेर पुण्याच्या गाड्या, आणि मेनूवर पहिल्या पानावर पनीर बटर मसाला, दुसऱ्या पानावर पनीर टिक्का मसाला, तिसऱ्या पानावर मला वाटतं पनीरच. रत्नागिरीत बसून! बांगडा होता पण भाव असा की त्यात आमच्या चिपळूणच्या मासळी बाजारात टोपली येते. वर आत्याचा गुरुवार. मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "ताई, मला हय आणायला सांगितलंय म्हणून आणलं. तुम्ही नाय म्हणालात तर मी काय करणार?" आणि गालातल्या गालात हसले. मी म्हटलं नाही म्हणते.

मग एका गल्लीतल्या घरगुती खानावळीत. चार टेबलं, पंखा आवाज करणारा, एक आजी आणि तिची सून. आत्याला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, पोराला आणि मला बांगडा तिखल्यात आणि एक फ्राय, भात, आणि सोलकढी, जी गुलाबी रंगाचं पाणी नव्हती, खरी नारळाच्या दुधातली, लसूण लागलेली, मागून मागून वाढत होत्या. चौघांचं (काकांना बसवलंच, ते ऐकत नव्हते) जेवढं बिल झालं त्यात त्या एसी हॉटेलात दोन पनीर आणि पाण्याच्या बाटल्या झाल्या असत्या. फक्त एक, तिथे वेळ लागतो. भाकरी मागितल्यावर थापायला घेतात. घाईत असाल तर जाऊ नका, चिडाल आणि त्या आजी तुमच्याकडे बघणार पण नाहीत.

एक राहिलं, समाधीवरून जेवायला जायच्या आधी थिबा पॉइंटला थांबलेलो, म्हणजे पॅकेजच्या भाषेत दोन पॉइंट. जिजामाता उद्यान नीट आहे, झाडांची सावली, बाकडी, मुलांना खेळायला जागा, आणि कठड्यापाशी उभं राहिलं की खाली भाट्याची खाडी, काजळी नदी समुद्राला मिळते ती जागा, राजिवड्याच्या होड्या, भाट्याचा पूल. थिबा राजा इथे सूर्यास्त बघायला यायचा म्हणतात. संध्याकाळी इथे मुंगी शिरायला जागा नसते असं काका म्हणाले, त्यामुळे दुपारी बरं पडलं, फक्त ऊन. महत्त्वाचं हे की आत्या कठड्यापाशी उभी राहून खाडीच्या पलीकडे बघत होती आणि म्हणाली, "ती माडांची बाग कोणाची रे? सरळ रेषेत लावलीय. आपल्याकडे कोण लावतं एवढं मोजून?" काका म्हणाले ते नारळ संशोधन केंद्र. आत्याने विचारलं बघू देतात? काका म्हणाले विचारून बघू की.

आणि हा आमच्या दिवसातला सगळ्यात चांगला भाग, जो अकरापैकी कुठेच नव्हता. पीडीएफमध्ये भाट्ये म्हणजे फक्त बीच, १५ मिनिटं.

प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र, भाट्ये, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, १९५५ पासूनचं. तुम्ही बाग म्हणजे गुलाब आणि कारंजी शोधत असाल तर हे तुमच्यासाठी नाही. पण ज्यांच्या घरामागे चार माड आहेत, आणि कोकणात कोणाच्या नाहीत, त्यांनी इथे येऊन गप्प उभं राहावं. आम्हाला तिथल्या एका कर्मचाऱ्यांनी फिरवलं, आत्याने पहिल्या पाच मिनिटांत असे प्रश्न विचारले की ते आमच्याशी बोलायचे सोडून तिच्याशीच बोलायला लागले. लाखी बाग म्हणून त्यांचा प्रकार आहे. माड साडेसात साडेसात मीटरवर, म्हणजे पंचवीस फूट, आणि मधली जागा रिकामी नाही ठेवायची. माडाच्या बुंध्यावर मिरीचा वेल चढवायचा, मधोमध जायफळ, कडेने दालचिनी, खाली अननस, केळी. एकाच जमिनीत तीन मजल्यांचं घर म्हणा. वर माडाची सावली झिरपत झिरपत येते आणि जायफळाला तेवढंच ऊन लागतं. आत शिरलं की डिसेंबरातल्या दुपारी पण गारवा, आणि वास असा की गरम मसाल्याचा डबा उघडून त्यात चालतोय.

पिकलेलं जायफळ पोराने पहिल्यांदा बघितलं. पिवळट फळ मधोमध तडकतं आणि आत काळ्या बीवर लालभडक जाळी, ती जायपत्री. तो म्हणाला हे कोणी रंगवलंय. त्या भाऊंनी सांगितलं जायफळाची झाडं नर आणि मादी वेगळी असतात, रोप लावून सात-आठ वर्षं वाट बघायची आणि मग कळायचं की नर निघाला, म्हणून आता कलमं करतात. आत्या एवढी हसली. म्हणाली आमच्या परड्यातलं एक जायफळ पंधरा वर्षं नुसतं उभं आहे, मी त्याला रोज बोलते, आज कळलं त्याचा दोष नाही.

मग गेंड्या भुंगा. आमच्या दोन माडांच्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या त्रिकोणी कापलेल्या येतात, आत्याला वाटायचं वानरं. भाऊंनी विचारलं घराजवळ शेणखताचा उकिरडा आहे का. आहे. म्हणाले भुंगा तिथे वाढतो आणि रात्री माडाच्या सुईत (शेंड्याच्या न उघडलेल्या पानात) शिरतो, कोवळं पान कुरतडतो, ते पान उघडलं की असा त्रिकोण दिसतो. तारेच्या हुकाने ओढून काढायचा आणि उकिरडा हलवायचा. पाच मिनिटांत दोन वर्षांचा प्रश्न सुटला, फुकट. कुठल्या राजवाड्यात मिळेल हे मला सांगा.

रोपं विकत मिळतात. जाती विचारून घ्या. बाणवली म्हणजे आपला उंच माड, सहा-सात वर्षांनी लागतो पण पुढे नातवंडांना पुरतो, वर्षाला सरासरी ऐंशीच्या आसपास नारळ. टी बाय डी, म्हणजे उंच आणि ठेंगू माडाचा संकर, लवकर धरतो, चार-पाच वर्षांत. ऑरेंज डॉर्फ शहाळ्याला. आत्या ७६ ची, मी म्हटलं टी बाय डी घेऊया, लवकर नारळ बघशील. ती म्हणाली एक तो घे आणि एक बाणवली घे, लवकरचा माझा आणि उशिराचा ह्याचा. पोरगा म्हणाला मला आइस्क्रीम चालेल. दोन रोपं घेतली. काकांनी रिक्षात पायाशी गोणपाट अंथरून ती उभी केली, झावळ्या बाहेर वाऱ्याला, आणि आम्ही पुलावरून अशी वरात काढत आलो.

इथे दीड तास गेला म्हणून भाट्याच्या बीचवर नुसतं सुरूच्या बनातून चक्कर, पाय पण ओले केले नाहीत. मला वाईट वाटलं नाही, समुद्र आमच्याकडे गुहागरला पण आहे.

दीपगृह साडेचारला. परत किल्ल्याच्या दिशेने जावं लागलं, काकांनी जास्त पैसे मागितले नाहीत. १८६७ चं दीपगृह. आतल्या गोल पायऱ्या अरुंद, आत्या खालीच राहिली, गुडघेवाल्यांनी नादी लागू नका. वर गेल्यावर वारा असा की पोराची टोपी गेलीच, आता ती अरबी समुद्राची. सकाळी ज्या तटावर उभे होतो तो समोर आख्खा दिसतो, नालेचा आकार तेव्हा कळतो, म्हणून हे दोन एका दिवसात पण वेगवेगळ्या वेळी बघणं चांगलं. काकांना हे माहिती होतं बहुतेक.

मांडवीला सूर्यास्त. काळसर वाळू, जेट्टीवर गर्दी, भेळ ठीकठाक, सूर्य मात्र अगदी समोर. सहा वाजून गेले तरी काका घड्याळाकडे बघत नव्हते. मी उरलेले १३०० दिले तेव्हा सहज विचारलं तुम्हाला पूर्ण मिळतात का. ते आधी टाळत होते, मग म्हणाले ११०० माझे, बाकीचं फोनवाल्यांचं. म्हणजे ७०० रुपये एका पीडीएफचे, ज्यात दीपगृहाची वेळ पण चुकीची! फोनवाल्यांना मी रात्री मेसेज टाकला की वेळा दुरुस्त करा आणि ते हॉटेल काढा. उत्तर आलं, "थँक्यू फॉर यूअर फीडबॅक, प्लीज गिव्ह फाइव्ह स्टार." दिले, वर सांगितलेत कोणाला ते.

म्हणून जाणाऱ्यांनी सरळ स्टँडवरच्या रिक्षावाल्यांशी बोला, दिवसाचे ठरवून घ्या, आणि पॉइंट किती ते विचारू नका, किती वाजता कुठे ऊन नसतं ते विचारा. वयस्कर माणूस बरोबर असेल तर किल्ला सकाळीच. पाण्याची बाटली, टोपी (दीपगृहावर हातात धरा), आणि नारळ केंद्रात जायचं तर आधी चौकशी करून कामाच्या दिवशी जा.

परतीच्या एसटीत कंडक्टरने दोन रोपांकडे बघितलं, मग आत्याकडे बघितलं. म्हणाला, "आजींचं तिकीट फुकट हाय, माडांचं काय?" आत्या म्हणाली, एकाचं अर्धं लाव, एकाचं पूर्ण, धाकटा टी बाय डी आहे. त्याने काही लावलं नाही. संगमेश्वरपर्यंत मागच्या सीटवरचे दोघं तिला भुंग्याबद्दल विचारत होते.